हे सगळं मुंबईला जातं

जेटीच्या रस्त्यावर आडव्या उभ्या राहिलेल्या एका बैलाला पाष्टे हवालदारांनी एकदा रीतसर सूचना दिली होती. "आपणास कळवण्यात येतं की आपलं बोलणं आणि हालचाली चित्रित होत आहेत. कृपया सहकार्य करावं." बैलाने शेपटी हलवली. मागे बंदरावर जाणाऱ्या ट्रकांची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळलेले, आणि हा माणूस छातीवरचा कॅमेरा सरळ करून बैलाच्या सहकार्याची वाट बघतोय.

हे मी ऐकीव सांगत नाही. ठाण्यातल्या संगणकावर माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी त्याच ठाण्यात हवालदार आहे आणि कॅमेरे सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सकाळी वाटायचे, संध्याकाळी परत घ्यायचे, चार्जिंगला लावायचे, रेकॉर्डिंग उतरवून घ्यायचं, आणि साहेबांच्या वतीने अधूनमधून चार-दोन तपासायची. कोणी शिवीगाळ केली का, कोणी मध्येच कॅमेरा बंद केला का, असलं. ठाण्यात मला माघारी 'मिरची' म्हणतात. म्हणोत बापडे. कॅमेऱ्याच्या काचेला बांगड्याच्या साराचे डाग पाडून आणलेत तर मी काय आरती ओवाळू?

बैलाचं बघितल्यावर मी पाष्ट्यांना बोलावून घेतलं. "अहो पाष्टे, बैलाला कसली सूचना देता?"

"मॅडम, समोरच्यास कळवावे असा नियम आहे. समोरच्यात बैल येत नाही असं कुठे म्हटलंय, दाखवा."

"मग शेवटी हलला कसा तो?"

"त्याचं त्याला वाटलं," पाष्टे म्हणाले आणि टोपी सरळ करून निघून गेले.

रघुनाथ पाष्टे म्हणजे सुपारीच्या झाडासारखा माणूस. उंच, सरळ, आणि सावली म्हणाल तर नावाला. निवृत्ती जवळ आली तरी पँटची इस्त्री अशी की हात लावायची भीती वाटावी. पोलीस लाइनीतल्या शेवटच्या खोलीत एकटे राहतात, लग्न केलेलं नाही. का नाही, हे विचारायची ठाण्यात कोणाची छाती झाली नाही. माझीही नाही, म्हणजे बघा. त्यांचं पालुपद एकच, "नियमात बसतं का, ते बघू." कुणी चहा पुढे केला तर म्हणायचे, "ड्युटीवर चहा नियमात बसतो. भजी बसत नाहीत." मग भज्यांकडे बघत चहा प्यायचे.

कॅमेरे आले तेव्हा रत्नागिरीला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. आम्ही सगळे पंख्याखाली डुलक्या घेत होतो, पाष्टे पहिल्या रांगेत ताठ बसून होते. परतीच्या गाडीत त्यांनी आम्हाला सगळे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले, निवळीचा फाटा येईपर्यंत. लोकांशी काम पडलं की कॅमेरा सुरू करायचा. समोरच्याला तसं सांगायचं. कुणाच्या घरात शिरताना घरच्या माणसाला विचारायचं. मध्येच बंद करावा लागला तर का बंद करतोय ते आधी कॅमेऱ्यातच मोठ्याने बोलायचं. प्रत काढायची नाही, मोबाइलवर घ्यायची नाही, बाहेरच्या कुणाला दाखवायची नाही. ठरलेली मुदत संपली की रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. गुन्ह्यात पुरावा म्हणून खूण केलेली असेल तेवढंच राहतं.

आम्ही हे नियम पाळतो, नाही असं नाही. पण पाष्टे जे करायचे त्याला पाळणं म्हणत नाहीत. "मी लघुशंकेस जात असल्याने कॅमेरा बंद करीत आहे. हवालदार पाष्टे." मग पुढचं रेकॉर्डिंग, "परत आलो. हवालदार पाष्टे." असली कितीतरी रत्नं मला तपासावी लागली. एकदा आमचे साहेब एका ट्रक ड्रायव्हरला आईवरून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात पाष्टे मागून म्हणाले, "साहेब, सुरू आहे हां." साहेबांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. मग म्हणाले, "आपल्या आईंची तब्येत कशी आहे?" तो ड्रायव्हर आजही साहेबांना देवमाणूस समजतो.

मासळी बाजारात जागेवरून दोघींची जुंपली होती. एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात होत्या. पाष्ट्यांनी सूचना दिली मात्र, दोघींनी पदर सारखे केले, शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यातली एक म्हणाली, "आमचा कसला भांडान? काढा फोटू. पन पापलेटा येव देत हां मागं."

सूचनेच्या शेवटी पाष्ट्यांनी पदरचं एक वाक्य जोडलेलं होतं. "हे सगळं मुंबईला जातं बरं का." प्रशिक्षणात कोणीतरी बोललं होतं की रेकॉर्डिंग शेवटी मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या यंत्रात साठतं, ते ह्यांनी धरून ठेवलं. वाक्य कामाचं होतं, खोटं नाही बोलत. मुंबई म्हटलं की भले भले दारुडे शुद्धीवर यायचे.

आणि त्याच वाक्याने घोळ केला.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन विचारपूस करायचं काम पोलिसांना असतं. आमच्या हद्दीत अशी घरं मोप. पोरंबाळं मुंबईला, म्हातारी माणसं पडवीत. पाष्ट्यांकडे खाडीवरची बौद्धवाडी होती. तिथे पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, अगदी वरच्या टोकाला जनाबाई तांबे राहायच्या. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा प्रकाश मुंबईला. पाष्टे पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले, घरापुढच्या खळ्यात उभे राहून परवानगी मागितली, आणि ठरलेलं वाक्य म्हटलं.

"मुंबयला जाता?" जनाबाईंनी विचारलं.

"हो आये. सगळं."

"थांब वायच," म्हणून जनाबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, केसांना पाणी लावून. पडवीत पाट टाकून बसल्या आणि पाष्ट्यांच्या छातीकडे बघून बोलायला लागल्या.

"परकास, मी आय. ह्यो हवालदार म्हनतो ह्या सगळा मुंबयला जाता, म्हनून बोलताय. जेवतास ना येळेवर? फणस धरलाय यंदा. बरका हाय, तुला आवडत नाय ता म्हायती हाय. काप्याला अजून येळ हाय. त्या दिवशी माझ्या तोंडातना नको ता गेला. ता इसर. जयंतीला ये. पोरीला आन. तिचा त्वांड पन मी बगलेला नाय रे." मध्येच एक कोंबडं पाटावर चढलं. "शुक्, शुक्! मेल्या!" मग पुन्हा कॅमेऱ्याकडे बघून, "तुला नाय. कोंबड्याला."

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मागची हकीकत अख्ख्या वाडीला ठाऊक होती. वाडीची जयंती एप्रिलऐवजी मे महिन्यात होते, कारण चाकरमानी तेव्हाच येतात. बाप गेल्यावरच्या जयंतीला प्रकाश म्हणाला, घराला कुलूप लाव आणि माझ्याबरोबर चल. जनाबाई म्हणाल्या, मी नाही येणार. शब्दाला शब्द वाढला, आणि निळ्या झेंड्यांखाली, सगळ्या भावकीसमोर जनाबाई बोलून गेल्या, "जा, आनि परत तोंड दावू नको." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! प्रकाश गेला तो गेलाच. नंबरही बदलला. जुन्या नंबरावर लावला तर एक बाई गोड आवाजात काहीतरी सांगते, आणि जनाबाई तिलाच म्हणायच्या, "बाय गो, त्येला दे ना जरा."

आता तुम्हीच सांगा, माझ्या अंगाचा तिळपापड होईल की नाही? मी पाष्ट्यांना धरलं. "अहो, तिला सांगा ना की हे तिच्या मुलाला दिसत नाही! हे कोणी बघत नाही!"

"तुम्ही बघता ना, मॅडम. मग कोणी बघत नाही असं खोटं निवेदन मी कसं करू?"

"मग मी प्रत काढून देते. पाठवा त्या प्रकाशला."

"मनाई आहे."

"मग पुरावा म्हणून खूण करते. निदान पुसलं तरी जाणार नाही."

"कुठल्या गुन्ह्यात, मॅडम? आईला मुलाची आठवण येते, या गुन्ह्यात?"

"मग मुंबईच्या पोलिसांना सांगून शोधा त्याला!"

"दारात पोलीस आला तर चाळीत काय म्हणतील त्याला? त्याने काय चोरी केलीय?" मग जरा थांबून म्हणाले, "मागे त्या कोळीणबाई नवऱ्याचं सगळं बोलल्या माझ्यासमोर. अंगावरचे वळ सांगितले. का बोलल्या? मी शब्द दिला होता की हे बाहेर जाणार नाही. आज जनाआयेचं बाहेर काढलं की उद्या त्यांचंही निघेल."

यावर काय बोलणार, कपाळ? पाष्ट्यांनी मला गप्प बसवण्याची ती पहिलीच वेळ.

जनाबाई दर खेपेला बोलत राहिल्या. कधी भाताचं, कधी गुडघ्याचं, कधी नुसतंच, "परकास, आज काय सांगाचा नाय. आपली बसलंय." दर खेपेला तोंडी लावायला तेच, जयंतीला ये. आणि इकडे मुदत संपली की यंत्र एकेक रेकॉर्डिंग गिळत होतं. संध्याकाळी कॅमेरा जमा करताना पाष्टे हळूच विचारायचे, "गेलं का त्यांचं आणखी एक?" मी म्हणायची, "गेलं." जवळचं माणूस गेल्यासारखे बाकावर बसून राहायचे.

पहिलं पुसलं जायच्या आधीपासूनच त्यांनी एक नवीनच खूळ काढलं होतं. अहवाल लिहिण्यासाठी स्वतःचं रेकॉर्डिंग बघायची मुभा असते. पाष्टे रोज येऊन जनाबाईंचं बघायला लागले. एकदा, दोनदा, पुन्हा. बघता बघता ओठ हलायचे. मला वाटलं, झालं, निवृत्तीआधीच गेले कामातून.

पुढच्या फेरीचं रेकॉर्डिंग मी कधी विसरणार नाही. जनाबाई पाटावर बसायच्या आधीच पाष्टे बोलले. "आये, एक सांगायचं आहे. हे मुंबईला जातं, पण प्रकाशला दिसत नाही. यंत्रात पडून राहतं आणि पुसलं जातं."

जनाबाई बघतच राहिल्या. "म्हंजे आतापरेंत कायच पोचला नाय?"

"नाही."

"मंग येवडा सगळा मी कुनाला बोललंय?"

"मला, आये. आणि आमच्या ठाण्यातल्या मॅडमना."

जनाबाईंनी तोंड फिरवलं आणि कुंपणाकडे बघत बसल्या. काय वाटलं असेल हो त्यांना! मला तर तो पडदा फोडून आत जावंसं वाटलं. मग पाष्टे म्हणाले, "प्रत काढायला मनाई आहे. पण तुम्ही परवानगी दिलीत तर मी तोंडी सांगेन त्याला. रजा काढून जातो. मला सगळं पाठ आहे."

"सगळा?"

"कोंबड्यासकट."

तेव्हा जनाबाई हसल्या. हसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "जा बाबा. सांग त्येला."

ज्या माणसाने वर्षानुवर्षं रजेचा अर्ज केला नव्हता त्याचा अर्ज बघून साहेबांनी आधी तब्येत विचारली. वाडीतल्या एकाकडून पत्ता मिळाला होता. पाष्टे साध्या कपड्यात गेले आणि परत आले ते थेट माझ्या टेबलासमोर.

"दार त्यानेच उघडलं," ते सांगायला लागले. "मी म्हटलं, मी हवालदार आहे, सध्या रजेवर आहे, तुमच्यावर कसलाही गुन्हा नाही. तुमच्या आईचं म्हणणं त्यांच्या परवानगीने तोंडी सांगायला आलोय. मग सांगितलं."

"कसं सांगितलं?"

त्यांनी करून दाखवलं. सावधानमध्ये उभे राहिले आणि जनाबाईंच्या आवाजात सुरू झाले. परकास, मी आय. एकेक शब्द, एकेक हेल. "इथे त्या थांबल्या. इथे गुडघा चोळला. शुक्, शुक्! मेल्या! हे तुम्हाला नाही, कोंबड्याला." ठाण्यातले दोन शिपाई तोंड दाबून हसत होते. मी त्यांच्यावर डोळे वटारले.

"मग? काय म्हणाला तो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"त्याची छोटी मुलगी हसली. बायको रडली. तो काही बोलला नाही. जेवायला बसवलं, जेवलो, निघालो."

"अहो, एवढ्या लांब जाऊन उत्तर न आणता आलात?" माझा आवाज चढला.

"नव्हतं, मॅडम. तर कुठून आणू?"

एखाद्याने चार गोड शब्द मनचे घातले असते. मी तर नक्कीच घातले असते. पण पाष्टे जनाबाईंसमोरही तसेच उभे राहिले आणि कॅमेऱ्यादेखत सांगितलं, "आये, तो काही बोलला नाही. ताट त्याच्या बायकोने वाढलं. भात तेवढा त्याने स्वतः वाढला. मी नको म्हटलं तरी परत वाढला."

जनाबाई पुढे सरकल्या. "सवता वाढला? त्येनं?"

"हो."

"मंग येल." जनाबाई अशा म्हणाल्या, जणू एसटी फाट्यावर येऊन थांबलीय. "रागात असला की त्यो भांड्याला हात लावत नाय. बापासंगं भांडायचा तवा आपला ताट पन उचलायचा नाय. येल त्यो."

आणि आला की! जयंतीच्या आदल्या सकाळी एसटीतून बायको आणि मुलीसह उतरला. पाष्टे फाट्यावर बंदोबस्ताला होते, त्यामुळे मला ते संगणकावर दिसलं. ह्यांनी त्यालाही सूचना दिली, कर्म माझं! प्रकाश हात जोडून म्हणाला, "ओळखतो मी तुम्हाला." सामान जड होतं म्हणून पाष्टे पाखाडीपर्यंत पोचवायला गेले. वर जनाबाई दारात उभ्या दिसल्या, इवल्याशा, कपाळावर हात धरलेल्या. मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात पाष्टे मागे वळले आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंग पायऱ्यांचं. मी त्यांना नंतर चांगलं फैलावर घेतलं. "अहो, नेमकं तेच नाही दाखवलंत?" तर म्हणतात, "घरात जायला सरकारी कारण नव्हतं, मॅडम."

प्रकाश सुट्टी संपेपर्यंत राहिला आणि आईसाठी नवा मोबाइल ठेवून गेला. मग चाकरमानी परतले, घरांना कुलपं लागली, आणि पाष्टे नेहमीप्रमाणे विचारपूस करायला पाखाडी चढले.

जनाबाई तांदूळ निवडत होत्या. मोबाइल सुपाशेजारी. "परकास रोज करतो फोन," म्हणाल्या. "आता तुला नको त्रास." पाष्टे म्हणाले, "बरं झालं, आये. मग निघतो." पण निघाले नाहीत. चित्र तिथेच उभं होतं. जनाबाईंचा हात सुपात थांबला आणि त्यांनी वर बघितलं, कॅमेऱ्याच्याही वर, पाष्ट्यांच्या तोंडाकडे.

"तुज्या घरी कोन हाय रे?"

"कोणी नाही, आये."

"आय?"

"गेली. मी बंदोबस्तात होतो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं."

"कवा?"

"खूप वर्षं झाली." जनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. आणि मग पाष्टे म्हणाले, "तुमचं सगळं पाठ आहे मला, आये. तिचा आवाज आठवत नाही. किती आठवला तरी येत नाही."

हा कॅमेरा माणसाच्या छातीवर असतो. त्यात समोरचे सगळे दिसतात, लावणारा तेवढा दिसत नाही. पाष्ट्यांचं तोंड मला तेव्हाही दिसलं नाही. फक्त पडवी हलायला लागली. खांब हलला, सूप हललं, जनाबाई हलल्या, सगळं वर-खाली, वर-खाली व्हायला लागलं.

जनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, जवळ आल्या, अगदी जवळ, आणि पडदा काळा झाला. त्यांनी हात ठेवला होता, जिथे कॅमेरा होता तिथेच.

"उगी," त्या अंधारातून जनाबाईंचा आवाज आला. "उगी रे बाबा, उगी."